उसनवारीचं संग्रहालय

धामणगाव बढ्यात माझ्या मोठ्या नणंदबाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि आलाच तर बाई आधी त्याच्या पाळण्याची दोरी मागून नेतील, संग्रहालयात लावायला. घरात आणि गावात त्यांना मोठ्याबाई म्हणतात. हे मोठेपण वयाचं आहे, आवाजाचं आहे आणि मुख्यतः हट्टाचं आहे. उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागतात. मी मलकापूरला औषधाचं दुकान चालवते. गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याला काय हवंय ते मला कळतं. मोठ्याबाई पायरी चढल्या की मात्र मला घाम फुटायचा, कारण त्या विकत काही घेत नसत. त्या उसनं नेत. माझ्या सासऱ्यांनी ज्या चिनी मातीच्या खलात आयुष्यभर पुड्या घोटल्या, तो खल त्यांनी असाच एका दुपारी पिशवीत घातला. "माह्या बापाचा हाये, तरी तुले विचारून नेऊन राह्यली. दोन दिवसांनी आनून देते." तेव्हा माझा मुलगा प्राथमिक शाळेत होता. पुढे त्याला नोकरी लागून, लग्न होऊन, तो पुण्यात कर्जावर फ्लॅट घेऊन बसला. तरी ते दोन दिवस व्हायचेच होते.

असं एकट्या माझं नाही, अख्ख्या गावाचं झालं. यजमान गेल्यावर मोठ्याबाईंनी बैल विकले, रिकामा गोठा स्वतःच्या हातानं सारवला, पांढऱ्या मातीनं पोतारला आणि ज्या गव्हाणींत बैल कडबा खायचे त्यांत गावाच्या घराघरांतल्या वस्तू मांडल्या. गोठ्याच्या दारावर पत्र्याची पाटी लावली: 'महाराष्ट्राचा इतिहास (आमच्या गावापुरता).' त्याखाली दुसरी ओळ: 'वस्तूंना हात लावल्याशिवाय बाहेर जाऊ नये.' शाळेच्या एका गुरुजींनी सुचवलं, की संग्रहालयात सहसा उलटं लिहितात. त्यावर बाई म्हणाल्या, "तिकडच्या वस्तू मेलेल्या असतीन. माह्या जित्या हायेत." पुढच्या आठवड्यात त्यांनी गुरुजींच्याच घरचा शाईचा दौत-टाक उसना आणला.

दान मात्र त्या घेत नसत. कुणी आपणहून म्हटलं, "राहू द्या बाई, आम्हाला काय करायचंय, तुम्हीच घ्या," तर त्या रागवत. "दान दिलं का देनारा मोकळा होते. उसनं दिलं का त्याचा जीव अटकून राह्यते. मले तुहा जीव पाह्यजे, कोपर नाई." कोपर म्हणजे आमच्याकडची मोठी पितळी परात. मी व्यवहारी बाई आहे. मला हे बोलणं ऐकायला बरं वाटलं, पटलं नाही. ज्याची मालकी स्पष्ट नाही त्याची काळजी कुणीच घेत नाही, हे मी दुकानाच्या सामाईक जिन्याकडे रोज बघून शिकलेली आहे.

इतिहास सांगायची त्यांची रीतही गावठी आणि पक्की होती. एका गव्हाणीत धान्य मोजायची मापं ओळीनं ठेवलेली होती: शेर, पायली, काही लाकडी, काही लोखंडी, एकावर शिक्का, एक पोचलेलं. बघायला आलेल्या माणसाच्या हातात त्या एकेक माप द्यायच्या आणि सुरू करायच्या. "वऱ्हाड म्हंजे काय? मक्त्यानं देल्लं वावर. मालक बसला हैदराबादले, वाहून राह्यला इंग्रज. पीक कोनी नेलं ते तूच सांग." मग दुसरं माप. "मंग आपली राजधानी झाली नागपूर. बरं झालं, म्हटलं. तं लगेच मुंबई झाली. आपलं राज्य आलं अन त्याच सुमाराले शेर गेला, किलो आला. राजे बदलले, माप बदललं, गाडी बदलली. अर्ज तोच राह्यला." शाळेतली पोरं हसायची आणि त्यांच्या लक्षात राहायचं. एकदा माझ्या पुण्याच्या सुनेला मी मुद्दाम घेऊन गेले. तिनं हळूच विचारलं, "आत्याबाई, सनावळी कुठे लिहिलेली नाही?" बाईंनी तिच्या हातात जात्याचा खुंटा दिला. "हे फिरव. ज्या सालापासून हे बंद पडलं त्या सालापासून तुह्या सासूले सकाळची झोप लागून राह्यली. ह्येच सन." सुनेनं मूठभर ज्वारी दळली आणि गाडीत बसल्यावर मला विचारलं, "आई, तुम्ही खरंच किती वाजता उठता?"

नव्या वस्तूंबद्दलही त्यांची माया कमी नव्हती. कंदिलाच्या शेजारी त्यांनी चार्जिंगची बॅटरी ठेवली होती. "कंदील गेला म्हनतेत. गेला नाई, नाव बदलून आला." पिवळ्या पेटीतला सार्वजनिक फोन होता, सेलवर चालणारा रेडिओ होता, आणि पाट्यावरवंट्याच्या बाजूला माझा लग्नातला मिक्सर. तो मी नादुरुस्त म्हणून माळ्यावर टाकला होता. बाईंनी नेला, दुरुस्त करून घेतला आणि येईल त्याला चालवून दाखवू लागल्या. मी मागितला तर म्हणाल्या, "आता चालते म्हनून मागून राह्यली काय व? बंद व्हता तवा कुठं गेली व्हती तुही माया?"

आणि वस्तू जित्या असल्यामुळे त्या गोठ्यात फार वेळ टिकत नसत. लग्नसराईत मोठे गंज, म्हणजे भाजीची पातेली, आणि कोपरं मांडवात जायची. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, पुरणाचे मांडे भाजायची खापरं जिच्या तिच्या चुलीवर परत जायची आणि दोन दिवसांनी आणखी काळी होऊन यायची. एकदा बुलढाण्याहून एक निवृत्त प्राध्यापक मुद्दाम बस बदलून संग्रहालय पाहायला आले. भर वैशाखात. गोठ्यात फक्त गव्हाणी आणि एक मांजर. ते दारात उभे राहून म्हणाले, "बाई, संग्रहालय बंद आहे का?" बाई अंगणात गहू निवडत होत्या. "बंद काऊन राह्यन? चालू हाये. आज वरच्या आळीत पाटलाच्या मांडवात लागलं हाये. जा, पाहून या. अन जेवूनच या, नाई तं पाटील मले बोल लावन." प्राध्यापक खरोखर गेले. पंगतीत बसले, ज्या गंजातली भाजी वाढली त्याला हात लावून पाहिला, आणि परत जाताना बाईंच्या पाया पडले.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, पण मला दिसत होतं ते बाईंना दिसत नव्हतं, किंवा दिसत असून त्या बघत नव्हत्या. गुडघे गेले होते. गोठ्याची मागची भिंत पावसाळ्यात घामेजायची. त्यांच्या मुलाला, माझ्या भाच्याला, तिथं ट्रॅक्टरची शेड हवी होती. वाईट मुलगा नाही, आईपुढे बोलायचा नाही, पण येता-जाता फुटानं जागा मोजायचा. बाईंच्या माघारी त्या वस्तू एका दुपारात भंगारवाल्याच्या गाडीवर चढल्या असत्या, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून शहरातल्या एका मोठ्या नव्या संग्रहालयाचे साहेब येणार असं कळलं, तेव्हा मी दुकान नोकरावर टाकून धामणगाव गाठलं. साहेबांचा बेत ऐकून मला हायसंच वाटलं. सगळा संग्रह न्यायचा, वेगळं दालन करायचं, काचेची कपाटं, योग्य उजेड, आणि दालनाला बाईंचं नाव.

नाव ऐकल्यावर मोठ्याबाईंनी पदर सारखा केला. ते मी पाहिलं. त्यांनी कधी मान्य केलं नसतं, पण त्यांना ते हवं होतं. त्यांनी आयुष्यभर सगळ्या गावाचं नाव राखलं, आणि त्यांचं स्वतःचं नाव घराच्या दारावरसुद्धा नव्हतं. तिथं अजून यजमानांचं आहे.

साहेब भला माणूस. त्यांनी पिशवीतून पांढरे हातमोजे काढले, घातले आणि पायली उचलली. बाई चरकल्या. "काय झालं हो हाताले?"

"काही नाही, वस्तूला घाम लागू नये म्हणून."

"अव माय! त्या पायलीले आतापरेंत घामच तं लागला. त्याच्याशिवाय आजून काय लागलं तिले?"

साहेब हसले. त्यांनी वही-बिही काढली नाही, मोठेपणा केला नाही, बाईंचं सगळं ऐकून घेतलं, जातंही फिरवलं, फक्त हातमोजे घालून. मग कागद पुढे केला. वस्तूंची मालकीण या नात्यानं बाईंनी सगळा संग्रह कायमचा दान केला, एवढंच त्यावर लिहिलं होतं. सही जिथे करायची तिथं पेन्सिलीची फुली होती.

बाईंनी मला कागद वाचायला लावला, आणि 'मालकीण' या शब्दापाशी थांबवलं. "कोन मालकीन?"

"तुम्ही," साहेब म्हणाले.

"मी कशी? हे सारं उसनं हाये."

साहेबांना वाटलं, बाई विनयानं बोलताहेत. मला माहीत होतं की विनय हा बाईंचा प्रांत नाही. मी बाईंना चुलीपाशी नेलं आणि स्पष्ट सांगितलं. लोक विसरले आहेत. कुणी मागायला येणार नाही. तुमच्या पश्चात यातलं एक भांडं राहणार नाही. तिथं निदान काचेत राहील, तुमच्या नावानं राहील. सही करा.

"इसरले म्हनून माह्यं झालं काय?"

"व्यवहारात तसंच होतं, बाई."

"तुह्या दुकानात होत असन." त्या बाहेर आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "ज्याची वस्तू त्याले विचारा. त्यानं हो म्हटलं तं घेऊन जा. मी आडवी येनार नाई."

इथं साहेबांनी चूक केली, आणि तीही चांगुलपणानं. मंदिराच्या भोंग्यावरून त्यांनी स्वतः गावाला आवाहन केलं. आपल्या घरातून मोठ्याबाईंकडे गेलेल्या वस्तू अनमोल आहेत, देशभरातून लोक त्या बघायला येतील, तरी मालकांनी उद्या सकाळी येऊन संमती द्यावी. शहरात अशा आवाहनानं लोकांची छाती फुगते आणि ते सही करतात. आमच्याकडे 'अनमोल' म्हटल्यावर माणूस आधी वस्तू घरी नेतो, कडी लावतो आणि मग विचार करतो.

सकाळी अंगणात गाव लोटलं. संमती द्यायला कुणीच आलेलं नव्हतं. "बाई, आमची पाण्याची गुंडी द्या." "मोठेमाय, थे खापर माह्या सासूचं व्हय." ज्यांनी वर्षानुवर्षं "राहू द्या" म्हटलं होतं त्यांनाही अचानक आठवलं. एका कोपरावर दोन जावांनी दोन बाजूंनी हात ठेवला.

"माह्या आहेरातलं हाये!"

"तुह्या आहेरात? तुह्या आहेरात सतरंजी आली व्हती, तेई भोकाची!"

"तुही आई मोजाले बसली व्हती काय व?"

भाचा खांबाला टेकून हसत होता. साहेब हातमोजे घालून मध्यभागी उभे होते आणि "कृपया, कृपया" म्हणत होते. मी मात्र संतापले होते. ज्या वस्तूंवरची धूळ कधी कुणी पुसली नाही, त्यांच्यासाठी आता झोंबाझोंबी. मी बाईंना म्हटलं, "अजून वेळ गेली नाही. सही करा आणि दार लावून घ्या. दानत नाही या लोकांची."

मोठ्याबाई उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं, रडतात की काय. तसं काही नव्हतं. त्या उठल्या, कमरेला पदर खोचला आणि अशा आवाजात ओरडल्या की मांजर पळालं.

"कोनी हात लावाचा नाई! एकेकानं या. नेनाऱ्यानं सांगाचं, ह्ये काय हाये अन कुठून आलं. नाई सांगता आलं तं नेता येनार नाई. अन रिकामं भांडं माह्या दारातून जानार नाई."

उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या भागातली साधी रीत. वाटीभर साखर आणली तर वाटीत चार शेंगदाणे तरी घालून पाठवायचे. पण एका गोठ्याच्या भांड्यांना ती रीत लावायची म्हणजे काय, हे बाईंनी तेव्हा दाखवलं. घरातली धान्याची कोठी उघडली आणि भाच्याला पोती बाहेर ओढायला लावली. त्याचं हसू तिथंच थांबलं.

मग एकेक जण पुढे येऊ लागला. आश्चर्य म्हणजे सगळ्यांना येत होतं. इतकी वर्षं पोरांना सांगताना, पाहुण्यांना सांगताना बाईंचा आवाज कुंपणापलीकडे जात होता, तो कानात राहिलेला होता. पायलीवाला म्हणाला, मालक हैदराबादले, वाहे इंग्रज. त्याची पायली ज्वारीनं शिगोशीग भरली. गुंडीवालीनं तिच्या आजेसासूनं नदीवरून कसं पाणी आणलं ते सांगितलं. तिला तूरडाळ. कंदिलात तेल, रेडिओत नवे सेल. तिफणीवर बियाणं सोडायचं लाकडी चाडं न्यायला एक जण आला. चाड्याच्या तळाला भोकं असतात, त्यातून बी खाली नळ्यांत उतरतं. बाईंनी त्यात मूठ-मूठ हरभरा ओतला तसा तो खालून सांडायला लागला. "हात लाव खाली," बाई म्हणाल्या. तो गडी दोन्ही तळवे खाली धरून, तोल सांभाळत, पाणी भरलेलं ताट नेल्यासारखा घरापर्यंत गेला, आणि मागे गावातल्या साऱ्या कोंबड्या. दोन जावांना कोपराची गोष्ट अर्धी-अर्धी येत होती. बाईंनी दोघींकडून अर्धी-अर्धी वदवून घेतली आणि कोपर सासूच्या हातात दिलं. आत गूळ.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला काही नको. "काऊन? तू पाहुनी हायेस काय?" त्यांनी माझ्या मिक्सरच्या भांड्यात ठेचा भरला, सासऱ्यांच्या खलात सुंठेचे तुकडे टाकले, आणि मला सगळ्यांसमोर सांगायला लावलं. मी औषधांच्या नावांशिवाय कधी चार माणसांत बोललेली नाही. माझे सासरे पुडी बांधताना रोग्याशी काय बोलायचे ते मी सांगितलं. बरं सांगितलं असावं. भाचा नाक पुसत होता, तो मात्र ठेच्यानं असेल.

दुपार कलली तेव्हा गोठा रिकामा झाला होता आणि कोठीही जवळपास. साहेबांनी हातमोजे काढून खिशात घातले. ते खरंच दुःखी होते. "बाई, सगळं विखुरलं. आता हे कोण सांभाळणार? तुमचं नाव राहिलं असतं हो."

"घर तिथं हाये, वस्तू तिथं हाये. संग्रहालय पाह्याचं असन तं गावातून फिरा, साहेब. अन चहा घेतल्याशिवाय कोनी सोडनार नाई, मंग तुमचे मोजे खिशातच ठेवा लागतीन." बाई म्हणाल्या. त्या हरलेल्या माणसासारख्या अजिबात दिसत नव्हत्या. साहेबांच्या गाडीत त्यांनी जबरदस्तीनं उरलेले हरभरे ठेवले. साहेबांनी काही दिलं नव्हतं, पण मन लावून ऐकलं होतं, तेही त्यांच्या हिशेबी उसनंच.

मी आजही म्हणते, सही करायला हवी होती. रेडिओ महिन्याभरातच कुठे गेला ते कळलं नाही. एका गुंडीत कोथिंबीर लावलेली मी स्वतः पाहिली. पहिलं वर्षभर मोठ्याबाई काठी घेऊन घरोघर फिरायच्या, खापर कुठं ठेवलं, जात्याला टाकी लावली का, विचारायच्या, शिव्या द्यायच्या. रेडिओवाल्याच्या दारासमोरून मात्र त्या न थांबता पुढे जायच्या आणि पुढच्या दोन घरांत कुणाशी बोलायच्या नाहीत. आता गुडघ्यांनी फिरणंच बंद केलंय. गोठ्यात ट्रॅक्टर उभा असतो. बाई दारातल्या बाजेवर बसून रस्त्याकडे बघत असतात. मी गोळ्या घेऊन जाते तेव्हा आम्ही तासभर भांडतो.

मागच्या खेपेला त्यांच्यासाठी दूध आणायला मी मागच्या आळीत गेले. घरात नुकतीच लग्न होऊन आलेली सून होती, तिकडे जालन्याकडची, मला न ओळखणारी. ओसरीवर एक शेर ठेवलेला होता, पुसून, पालथा. मी सहज म्हटलं, "छान आहे, तुमच्या घरचा जुना दिसतोय."

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "नाही हो. आमचा नाही तो. मोठ्याबाईंचा आहे. सासूबाई म्हणल्या, जपून वापर, उसना आणलेला आहे."

दूध घेऊन मी परत आले. बाईंनी विचारलं, "एवढा येळ? काय पाहून राह्यली व्हती?" मी म्हटलं, काही नाही. त्यांना सांगावं असं फार वाटलं. पण सांगितलं असतं तर शेर त्याच घरचा आहे हे बजावायला त्या काठी शोधू लागल्या असत्या, आणि त्या गुडघ्यांनी त्या आळीपर्यंत आता पोचल्या नसत्या. मी दूध तापवलं आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.